पिल्लू घरी आणताना : एका बालरोगतज्ज्ञाचे टिपण

गेली पंचवीसहून अधिक वर्षे बेळगावात बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करताना काही प्रश्न मला ठरावीक वेळी हमखास विचारले जातात. जूनमध्ये शाळा सुरू झाली की डब्याचा, परीक्षेआधी स्मरणशक्तीच्या टॉनिकचा आणि एप्रिल-मे महिन्यांत, मुले घरी असताना, पिल्लाचा. "डॉक्टर, पोरगं हट्टाला पेटलंय. कुत्र्याचं पिल्लू आणून द्यावं का?" आई हा प्रश्न विचारते तेव्हा माझ्याकडून 'नको' हे उत्तर यावे अशी तिची अपेक्षा असते, बाप गप्प उभा असतो, आणि मूल माझ्याकडे असे पाहत असते की त्याचे सारे भवितव्य माझ्या हाती आहे.

पूर्वी मी सरसकट 'नको' म्हणत असे. आज तसे म्हणत नाही. पण 'हो' म्हणतानाही चार गोष्टी बजावून सांगतो, आणि त्या पुस्तकातून कमी व घरच्या अनुभवातून अधिक आल्या आहेत. आपली स्मरणिका सभासदांबरोबर त्यांची घरची मंडळीही वाचतात, हे लक्षात घेऊन तो अनुभव आणि त्याच्या अनुषंगाने आवश्यक ती शास्त्रीय माहिती येथे मांडत आहे. जाणकारांना यातील काही भाग परिचित असेल. मलाही तो परिचित होता, आणि तरीही माझ्या हातून चूक झाली. हा लेख लिहिण्याचे खरे कारण तेच.

आमच्या घरची गोष्ट

सन २०१२ मधली ही हकिगत. माझी कन्या त्या वेळी दहा वर्षांची होती. शहराबाहेर एक संस्था रस्त्यावरच्या जखमी व बेवारस जनावरांसाठी निवारा चालवीत असे. शाळेच्या सहलीत तिने तो पाहिला, आणि महिनाभराच्या सत्याग्रहानंतर एका रविवारी आम्ही सात-आठ आठवड्यांचे एक तांबूस पिल्लू घरी आणले. गावठी जातीचे, उभ्या कानांचे, पोट फुगलेले. नाव ठेवले मोती. माझ्या आईने पहिल्याच दिवशी "दत्ताच्या पायाशी बसणारी जात आहे, उपाशी ठेवू नका" असे सांगून त्याची दुधाची वाटी स्वतःकडे घेतली.

शनिवारी खेळताना मोतीचा दात मुलीच्या मनगटाला लागला. रक्ताचा एक थेंब आला. तिने मला दाखविले. मी नळाखाली हात धरला, पुसला आणि म्हणालो, "चावला नाही ग, दात शिवशिवतात त्याचे. पिल्लू आहे." बाह्यरुग्ण विभागात हेच वाक्य पालकांच्या तोंडून मी शेकडो वेळा ऐकले होते आणि प्रत्येक वेळी खोडून काढले होते. स्वतःच्या अंगणात मात्र मी बालरोगतज्ज्ञ नव्हतो, नुसता बाप होतो.

सोमवारी मोतीने खाणे सोडले. मंगळवारी त्याचा खालचा जबडा लोंबू लागला, तोंडातून लाळ गळू लागली आणि आवाज घोगरा झाला. घशात हाड अडकले असावे असे समजून मी विजेरी घेतली आणि उघड्या बोटांनी त्याचे तोंड फाकवून पाहिले. हाड काही दिसले नाही. संध्याकाळी आमचे एक पशुवैद्य मित्र आले. त्यांनी दुरूनच पाहिले आणि विचारले, "तोंडात हात कोणी घातला?" मी काही बोललो नाही. ते म्हणाले, "हातमोजे घालून?" त्यानंतरचा पंधरा मिनिटांचा वेळ मी साबण घेऊन नळाखाली काढला.

गुरुवारी मोती गेला. त्याच्या मेंदूचा नमुना तपासणीसाठी बेंगळुरूला पाठविला होता. पुढच्या आठवड्यात अहवाल आला : रेबीज.

आपल्या डोळ्यांसमोर 'पिसाळलेला कुत्रा' म्हटले की धावत सुटलेले, दिसेल त्याला चावणारे जनावर उभे राहते. पण या रोगाचा मूक प्रकारही असतो. त्यात जनावर कोणावर धावून जात नाही. कोपऱ्यात बसते, जबडा लुळा पडतो, गिळता येत नाही. घशात काही अडकले आहे असे वाटून माणूस स्वतःच त्याच्या तोंडात हात घालतो. पशुवैद्यकाच्या पाठ्यपुस्तकात हा इशारा ठळकपणे दिलेला असतो. आम्हा माणसांच्या डॉक्टरांना तो क्वचितच कोणी देतो.

घरातील कोणाला किती धोका?

त्या मंगळवारी रात्री मी कागद घेऊन घरातल्या प्रत्येकाचे नाव लिहिले. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणानुसार संपर्काचे तीन वर्ग पडतात, आणि योगायोगाने आमच्या एका घरात बहुतेक सर्व नमुने हजर होते.

पहिला वर्ग म्हणजे जनावराला हात लावणे, खाऊ घालणे, धडधाकट त्वचेवर त्याने चाटणे. कामाला येणाऱ्या मावशींनी फक्त त्याची भांडी घासली होती. त्यांना लसीची गरज नव्हती. फक्त हात स्वच्छ धुणे पुरेसे होते. सौ.ने त्याला आंघोळ घातली होती, पण हातावर कोठे ओरखडा नव्हता. नियमाप्रमाणे तिचाही वर्ग पहिलाच.

दुसरा वर्ग म्हणजे उघड्या त्वचेवर दात लागणे, रक्त न येता झालेला किरकोळ ओरखडा. यात जखम धुणे आणि लस लागते.

तिसरा वर्ग म्हणजे त्वचा भेदून रक्त काढणारा चावा वा ओरखडा, आणि फाटलेल्या त्वचेला किंवा डोळे-तोंड यांच्या आतल्या नाजूक त्वचेला लाळ लागणे. यात जखम धुणे, लस आणि त्याबरोबर जखमेत भरावयाचे इम्युनोग्लोब्युलिन, ही तिन्ही लागतात. मुलीच्या मनगटावर रक्ताचा थेंब आला होता : तिसरा वर्ग. माझ्या अंगठ्याच्या नखाशेजारची कातडी सोललेली होती : तिसरा वर्ग. आणि आई? तिच्या बोटांना वर्षभर भेगा असत आणि मोती दूध पिऊन झाल्यावर तीच बोटे चाटीत असे. चावा नाही, ओरखडा नाही, केवळ माया. तरीही तिसरा वर्ग.

मानवी इम्युनोग्लोब्युलिनची मात्रा दर किलो वजनाला २० युनिट आणि घोड्याच्या रक्तद्रवापासून केलेल्याची ४० युनिट. मुलीचे वजन २८ किलो, म्हणजे ५६० युनिट. गावात त्या रात्री एकच कुपी मिळाली. दुसरी कोल्हापूरहून रात्रीच्या गाडीने आली. मी आणि आईने घोड्याचे घेतले. लस आम्हा तिघांना ०, ३, ७, १४ आणि २८ या दिवशी दंडात दिली. सौ.चे नाव यादीत नव्हते, पण दोन रात्री ती झोपली नाही, तेव्हा तिलाही लस दिली. हे शास्त्राच्या पुस्तकात बसत नाही, घरात बसते.

चौघेही सुखरूप राहिलो. परंतु पुढचे तीन महिने मुलीला साधा ताप आला तरी माझे हात थरथरत, हे येथे प्रांजळपणे नमूद करतो.

संस्थेविषयी एक शब्द. दोष त्यांचा नव्हता. कुत्र्यात हा रोग शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत बहुधा काही आठवडे ते काही महिने जातात. निवाऱ्यात येण्यापूर्वीच रस्त्यावर त्याला कोणी चावले असणार आणि त्या वेळी ते पूर्ण निरोगी दिसत असणार. आम्ही त्याच रात्री संस्थेला दूरध्वनी केला, म्हणून त्याची भावंडे ज्या दोन घरी गेली होती त्यांनाही वेळेत उपचार मिळाले. घेतलेले पिल्लू आजारी पडले तर रागावून किंवा लाजून गप्प न राहता संस्थेला कळविणे, हे घेणाऱ्याचे पहिले कर्तव्य आहे.

लसीचा थोडा इतिहास

या लसीचा इतिहास एका मुलापासूनच सुरू होतो. ६ जुलै १८८५ रोजी पॅरिसमध्ये जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला लुई पाश्चरची लस प्रथम टोचण्यात आली. पाश्चर हे रसायनशास्त्रज्ञ; वैद्यकाची पदवी नसल्याने त्यांना स्वतः सुई टोचता येईना. ते काम केले डॉ. ग्रांशे यांनी, आणि ते बालरोगांचे प्राध्यापक होते. आमच्या शाखेला मिरविण्यासारख्या गोष्टी थोड्या आहेत. त्यांपैकी ही एक.

भारतात कसौली येथे १९०० साली पाश्चर संस्था निघाली, कुन्नूरची १९०७ साली. कसौली येथेच डेव्हिड सेंपल यांनी मेंढीच्या मेंदूपासून लस तयार करण्याची पद्धत बसविली आणि जवळजवळ शंभर वर्षे आपल्या देशात तीच वापरली गेली. 'पोटात चौदा इंजेक्शने' ही जी धास्ती आजही आजी-आजोबांच्या बोलण्यात आहे ती या लसीची. प्रशिक्षणाच्या काळात ती मी स्वतः दिलेली आहे. तिच्यामुळे क्वचित पक्षाघातासारखे दुष्परिणाम होत. डिसेंबर २००४ मध्ये भारतात तिचे उत्पादन थांबले. आजची पेशीसंवर्धनापासून केलेली लस सुरक्षित आहे. ती दंडात, तान्ह्या बाळांना मांडीच्या बाहेरच्या बाजूस देतात. कुल्ल्यात कधीही देऊ नये. सरकारी दवाखान्यांत तीच लस त्वचेच्या थरात, ०, ३, ७ आणि २८ या दिवशी दोन-दोन ठिकाणी दिली जाते. चौदा इंजेक्शनांच्या भीतीने मूल चावा लपवीत असेल किंवा आजी हळद-चुना लावून झाकीत असेल, तर ती भीती घालविणे हाच अर्धा उपचार होय. जखमेवर मिरचीपूड, चुना, तेल काहीही नको. वाहते पाणी, साबण आणि घड्याळ लावून पंधरा मिनिटे. हे घरगुती औषध कोणत्याही महागड्या औषधाच्या तोडीचे आहे.

लक्षणे सुरू झाल्यावर हा रोग जवळपास नेहमीच प्राणघातक ठरतो. आणि त्याची झळ मुलांना अधिक. संशयित जनावर चावलेल्या दर शंभरांत सुमारे चाळीस जण पंधरा वर्षांखालील असतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुलांची उंची कुत्र्याच्या तोंडाच्या पातळीवर असते, म्हणून चावा चेहऱ्यावर, मानेवर बसतो आणि विषाणूला मेंदूपर्यंतचा प्रवास जवळचा पडतो.

'कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवा' या सूचनेचा अर्थही पुष्कळदा चुकीचा घेतला जातो. चावते वेळी कुत्र्याच्या लाळेत विषाणू असेल तर दहा दिवसांत ते आजारी पडते किंवा मरते, एवढाच त्याचा आधार आहे. याचा अर्थ दहा दिवस थांबून मग लस घ्यावी असा नव्हे. लस त्याच दिवशी सुरू करावयाची. दहा दिवसांनी कुत्रा ठणठणीत असेल तर पुढच्या मात्रांचा विचार वैद्यकीय सल्ल्याने करावयाचा. मोतीचा दात मुलीला लागला शनिवारी, त्याने खाणे सोडले सोमवारी. दहा दिवसांचा हिशोब माझ्या घरी अगदी पुस्तकाबरहुकूम उतरला.

मग पिल्लू आणावेच का?

आणावे; परंतु विचारपूर्वक. पहिला विचार वयाचा. पिल्लाला आईपासून आठ आठवड्यांच्या आत तोडू नये. स्कॉट आणि फुलर या अमेरिकन संशोधकांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखविले की, साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू माणसांशी व भावंडांशी वागायचे धडे घेते. चावा किती जोराने घ्यावा हेही ते भावंडांकडूनच शिकते. म्हणून फार लवकर आणलेले पिल्लू पुढे अधिक चावरे निघण्याचा संभव असतो. दुसरीकडे, रेबीजची लस पिल्लाला साधारणपणे तीन महिन्यांचे झाल्यावर देतात. म्हणजे आठ आठवड्यांचे गोजिरवाणे पिल्लू हे नियमानेच लस न झालेले पिल्लू असते. 'पिल्लू आहे, त्याला कुठला रेबीज' हा समज म्हणूनच घातक आहे.

यातून मी काढलेला मार्ग असा : घरात लहान मूल असेल तर निवाऱ्यातून चार-पाच महिन्यांचे, लसीकरण झालेले, माणसांत वाढलेले पिल्लू किंवा सरळ मोठे कुत्रे घ्यावे. त्याचा स्वभावही दिसू लागलेला असतो. मोठे झालेले पिल्लू कोणी नेत नाही, ही सर्वच निवाऱ्यांची तक्रार असते. तेव्हा आपली सोय आणि त्याचे भले दोन्ही साधते. निवाऱ्यात जाल तेव्हा लसींचे कार्ड मागा, जंताचे औषध केव्हा दिले ते विचारा, आणि एकाच भेटीत पिल्लू उचलून आणू नका. दोन-तीन वेळा जा, मुलांना बरोबर न्या.

दुसरा विचार मुलांच्या लसीचा. घरात पाळीव जनावर असलेल्या मुलांना चावा होण्यापूर्वीच रेबीजची लस देण्याची शिफारस इंडियन ॲकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्सने केलेली आहे. तिचा मोठा फायदा असा की, पुढे चावा झालाच तर ० आणि ३ या दिवशी दोनच मात्रा पुरतात आणि इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही. रात्रीच्या गाडीने कुपी मागविण्याची वेळ ज्याच्यावर आली आहे त्याला या वाक्याची किंमत कळेल.

तिसरा विचार जंतांचा. फुगलेले पोट हे बाळसे नव्हे. कुत्र्यातील गोलकृमी आईच्या पोटातच पिल्लात शिरतात. त्यांची अंडी विष्ठेतून मातीत पडली की दोन-तीन आठवड्यांनी संसर्गक्षम होतात आणि माती खाणाऱ्या मुलाच्या पोटात जातात. मुलात त्यांच्या अळ्या यकृतात, फुप्फुसात, क्वचित डोळ्यांत भटकतात. डोळ्यातील अशी गाठ कर्करोगाची समजली जाऊन घबराट उडाल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात आहेत. उपाय सोपा आहे : पिल्लाला दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी आणि दोन महिन्यांनंतर सहा महिन्यांचे होईपर्यंत दरमहा पशुवैद्याच्या सल्ल्याने जंताचे औषध, विष्ठा रोजच्या रोज उचलणे, आणि मुलांनी जेवणापूर्वी हात धुणे. ताजी विष्ठा लगेच संसर्ग करीत नाही, म्हणून रोज उचलणे हाच खरा बंदोबस्त. याखेरीज गजकर्ण, खरूज, गोचिडी आणि आपल्या पावसाळी भागात लेप्टोस्पायरा यांचेही भान ठेवावे. पिल्लाचे स्वतःचे मोठे शत्रू पार्व्हो आणि डिस्टेंपर. त्यांच्या लसी सहा-आठ आठवड्यांपासून सुरू करून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळाव्या आठवड्यापर्यंत पुऱ्या कराव्यात.

चौथा विचार मुलाच्या वागणुकीचा. पाच वर्षांखालील मूल आणि कुत्रा यांना एकटे सोडू नये, मग कुत्रा कितीही गुणी असो. मुलांना बहुतेक चावे ओळखीच्या कुत्र्यांचेच असतात. जेवताना, झोपेत, किंवा हाड चघळताना त्याच्या अंगाशी जाऊ नये. गळ्यात पडून मिठी मारू नये. शेपूट ओढू नये. कुत्रा एकाएकी ताठ उभा राहिला, ओठ चाटू लागला, मान वळवून डोळ्यांचा पांढरा भाग दाखवू लागला तर तो 'पुरे' म्हणत आहे. मुलांना हे कळत नाही, मोठ्यांनी कळून घ्यावे. पिल्लाचे २८ दुधाचे दात सुईसारखे असतात आणि चौथ्या ते सातव्या महिन्यात ते पडून ४२ पक्के दात येतात. त्या काळात बोटांऐवजी चघळायला खेळणे द्यावे. आणि मुलाला एक वाक्य पाठ करवून घ्यावे : दात लागला तर लगेच सांगेन. सांगितल्याबद्दल त्याला कोणी रागावणार नाही, ही हमी मात्र आपण द्यायची.

शेजारचे उदाहरण

घरापुरता हा विचार झाला. गावापुरताही तो करावा लागेल. चोर्ला घाट उतरला की लागणारा गोवा या बाबतीत आपल्याला शिकविण्यासारखा आहे. तेथे २०१३ नंतर वर्षानुवर्षे कुत्र्यांचे सामुदायिक लसीकरण, शाळांतून मुलांचे शिक्षण आणि रोगावर पाळत असे तिहेरी काम झाले, आणि मानवी मृत्यू जवळजवळ थांबले. वस्तीतील सुमारे ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली की साखळी तुटते, हे त्यामागील गणित. आपल्या कर्नाटकात २०२२ साली मानवी रेबीज हा कळविणे बंधनकारक असलेला रोग ठरला. देशपातळीवर २०३० पर्यंत कुत्र्यापासून होणारा मानवी रेबीज संपविण्याचा आराखडा २०२१ साली जाहीर झाला. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात भटके कुत्रे दत्तक घेणाऱ्यावर ते पुन्हा रस्त्यावर जाणार नाही याची जबाबदारी टाकली आहे. दत्तक या शब्दाचा अर्थ त्याहून वेगळा तो काय असणार? ते बारा-चौदा वर्षांचे व्रत आहे. बदली, परीक्षा, नवे घर, नवे बाळ, या सगळ्यांत ते पाळावे लागते. तेवढी तयारी नसेल तर मुलाला नाही म्हणण्यात काही कमीपणा नाही. दर रविवारी त्याला निवाऱ्यात नेऊन आणावे. तेही एक शिक्षणच आहे.

समारोप

मोती गेल्यावर मुलगी पुन्हा कुत्र्याचे नाव काढणार नाही असे मला वाटले होते. दीड वर्षाने तिने माझ्यापुढे एक वही ठेवली. तीत लसींच्या तारखा, जंताच्या औषधाचे वेळापत्रक आणि शेवटी 'बाबांनी तोंडात हात घालायचा नाही' असे लिहिले होते. आम्ही त्याच संस्थेतून पाच महिन्यांची, लसीकरण झालेली, एका कानाने वाकडी अशी काळी कुत्री आणली. आईने तिला शेवटपर्यंत दूध घातले. मात्र बोटांना चाटू देण्याऐवजी वाटी खाली ठेवून. मुलगी आता शिक्षणासाठी बाहेरगावी असते. कुत्री म्हातारी झाली आहे, तिला कमी दिसते, आणि हे लिहीत असताना ती माझ्या टेबलाखाली घोरत आहे.

तेव्हा आता कोणी मला "पिल्लू आणून द्यावं का?" असे विचारले, तर मी आईकडे किंवा बापाकडे न पाहता मुलाला विचारतो, "दात लागला तर कोणाला सांगशील?" ते चटकन "आईला" म्हणाले, तर मी कागद घेऊन लसींच्या तारखा लिहू लागतो.